ड्रॉपच्या वर्षात काम कुठं करायचं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की तुमच्या शिक्षणाच्या पानावर कटऑफ, राउंड, कुठं किती सीट सगळं येतं, पण ज्या पोरांना फिजिओथेरपीच करायचीय आणि त्यासाठी वर्ष ड्रॉप घेतलंय त्यांनी क्लास सोडून त्या वर्षात काय करावं यावर कुणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या मुलीनं गेल्या वर्षी ड्रॉप घेतला. सकाळी क्लास, दुपारी एका फिजिओकडं मदतीला. पहिलं क्लिनिक आम्ही काय बघून निवडलं तर घराजवळ, एसी, आणि वर महिन्याला पाच हजार. पार चुकलं. पडदे लावलेल्या पाच कॉट, हिनं जेल पुसायचं, शेकाच्या पिशव्या भरायच्या, मशीनचा टायमर वाजला की डॉक्टरांना हाक मारायची, बाकी वेळ व्हॉट्सॲपवर अपॉइंटमेंटची आठवण. (क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, गुडघ्याचे पेशंट जिना चढून यायचे. असो.) दीड महिन्यात म्हणाली, फिजिओ म्हणजे हेच असेल तर मला नको.

मग एका ओळखीच्या बाईंनी दुसरीकडं सांगितलं. तिथं पैसे नाहीत, फक्त चहा. पण पॅरालिसिसचे पेशंट जास्त, तेच तेच लोक महिनोन् महिने यायचे. एक आजोबा होते, उजवा हात गेलेला. दोन खुर्च्यांना दोरी बांधून कपड्यांचे चिमटे लावायचे आणि त्यांनी ते एकेक काढायचे. पेशंटला हात लावायचा नाही ही सक्त ताकीद, आणि ते बरोबरच आहे, हिचं काम वहीत आकडा लिहिणं. पहिल्या दिवशी शून्य. दोन महिन्यांनी अकरा. मधे एकदा त्यांनी सगळे चिमटे भिंतीवर भिरकावले तर तिथल्या फिजिओ मॅडम काही बोलल्या नाहीत, चिमटे गोळा केले, दोरी जरा खाली घेतली आणि परत सुरू. त्या रात्री जेवताना आमच्याकडं दुसरा विषय नव्हता.

माझी भाची अमेरिकेत आहे. तिथं आधी डिग्री आणि मग तीन वर्षांचं डीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डॉक्टरेट, आणि बऱ्याच कॉलेजांना अर्जासोबत फिजिओजवळ बसून काढलेले तास दाखवावे लागतात. म्हणून पोरं गॅप इयरमध्ये फिजिओकडं एड, म्हणजे मदतनीस म्हणून नोकरी धरतात. पण तीही म्हणते, कित्येक ठिकाणी दिवसभर टॉवेलच धुवायला लावतात, जागा बघून घ्यावी लागते! आपल्याकडं ॲडमिशन नीटच्या 720 पैकी मार्कांवर, अनुभवाला शून्य किंमत, त्यामुळं कोण कशाला चौकशी करतंय. चार-पाच वर्षांचा कोर्स आणि पोरांनी कधी एक पेशंट उठून चालताना बघितलेला नसतो.

तर ड्रॉपवाल्यांनो, पैसे किती हे नंतर विचारा, आधी विचारा की एकच पेशंट पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बघायला मिळेल का.

आणि अजून एक. आम्ही तीन मोठ्या हॉस्पिटलांत फोन केले, तिन्हीकडं एकच उत्तर, "तशी पॉलिसी नाही." पुण्यात फिजिओची एवढी कॉलेजं आहेत, त्यांच्या ओपीडीत अशा पोरांना पंधरा दिवस कोपऱ्यात बसू द्यायला काय हरकत आहे? तुम्ही जरा विचारून छापा की.

एक पालक, कोथरूड, पुणे