बाबांची पेज आणि आईचं पासबुक

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "डॉक्टरेट झालेल्या पोरांना तू आणखी काय शिकवतेस?" तेवढ्यात दारात पोदेर पाव घेऊन आला, तुम्ही उंडे घ्यायला गेलात आणि बोलणं राहिलं. म्हणून हे पत्र.

इथे अमेरिकेत क्लॉड पेपर नावाचे फ्लोरिडाचे एक खासदार होऊन गेले. वय झालं एवढ्याच कारणावरून माणसाला घरी बसवू नये, म्हणून ते भांडत राहिले. बहुतेक नोकऱ्यांतली सक्तीची निवृत्ती १९८६ साली कायद्याने गेली तेव्हा ते स्वतः ८६ वर्षांचे होते. (साठाव्या वर्षी शाळेने हार घालून निरोप दिला, त्याचा राग तुमच्या मनातून अजून गेलेला नाही. तुमचं त्यांच्याशी जमलं असतं.) त्यांच्या नावाची संशोधन केंद्रं इथल्या काही विद्यापीठांत आहेत. उतारवयात माणसाला आपलं आपण किती काळ करता येईल आणि तो काळ कसा लांबवायचा, हा या केंद्रांचा विषय. अशा केंद्रात नवख्या संशोधकांना तयार करणारा एक विभाग असतो. मी त्यातलंच काम करते.

त्यातलं बरंचसं कंटाळवाणं आहे. अनुदानाचे अर्ज दहादा वाचायचे, तरुण डॉक्टरांचा संशोधनाचा वेळ ओपीडीने खाऊ नये म्हणून वरच्यांशी वाद घालायचे. खरं शिकवणं मध्येच कधीतरी होतं.

माझी एक विद्यार्थिनी आकडेमोडीत फार हुशार आहे. १९९२पासून इथे पन्नाशीपुढच्या लोकांची एक मोठी पाहणी चालते, दर दोन वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा भेटतात. आपल्याकडची ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची 'लासी' पाहणी तिच्याच धर्तीवरची, मुंबईच्या लोकसंख्या संस्थेने केलेली. या पाहण्यांत स्वयंपाक, बाजारहाट, औषधं, पैशांचे व्यवहार जमतात का, असं विचारतात. ही मुलगी तक्ता घेऊन आली: स्वयंपाकाच्या बाबतीत पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त परावलंबी! एवढ्यावर तिचा निबंधही लिहून तयार होता.

मी काही बोलले नाही. तिला एवढंच म्हटलं, चार म्हाताऱ्यांच्या घरी जा, स्वयंपाकघरात बस आणि मग ये. परत आली ती ओशाळून हसतच. एका आजोबांनी तिला सांगितलं होतं, "जमत नाही म्हणजे? मी कधी केलाच नाही!" 'करता येत नाही' आणि 'करत नाही' ही दोन उत्तरं तिने एकाच खान्यात टाकली होती. ज्याने चूल कधी पेटवलीच नाही त्याची ताकद गेली, असं कसं म्हणणार? गंमत म्हणजे लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी १९६९ साली ही कामांची यादी केली तेव्हा पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं यांचे गुण मोजायचेच नाहीत असं ठरवलं होतं. तीही सोयीची पळवाटच. बायको अंथरुणाला खिळली की या माणसाला जेवायला कोण घालणार, हा प्रश्न तसाच राहतो. तो तिने स्वतःच काढला, आणि आता तिचा पुढचा अर्ज त्यावरच आहे. मी आयता दिला असता तर तो माझा राहिला असता.

तिच्याशी बोलताना डोळ्यांपुढे आपलं म्हार्दोळचं घर होतं. बाबा, तुम्हाला चहापलीकडे काही येत नाही. आणि आई, तुला पेन्शनचे कागद कुठल्या कपाटात आहेत हेसुद्धा माहीत नाही. एटीएमचं कार्ड तू हातात धरलेलं मी पाहिलेलं नाही. दोघं मिळून तुमचं झकास चाललंय, त्यामुळे कुणाला काय येत नाही ते दिसतच नाही. "पणजीला फ्लॅट घ्या" हे माझं टुमणं मी आता बंद करते. त्याऐवजी एवढं करा.

आई, बाबांना उकड्या तांदळाची पेज आणि एखादी भाजी शिकव. तू ओट्यापाशी उभी राहू नकोस, सोप्यावर बस आणि करपली तर करपू दे. बाबा, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला फोंड्याला जाल तेव्हा आईला बरोबर न्या. पासबुक भरून घेणं, पैसे काढणं तिला करू द्या. ती मशीनपुढे अडली तरी तिच्या हातातून कार्ड ओढून घेऊ नका. मास्तरकी नको. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मात्र तिला आधी बजावा.

चवथीला मी येतेच आहे. तेव्हा पेज बाबांच्या हातची खाईन. नेवऱ्या मात्र आईनेच कराव्यात, त्यात प्रयोग नकोत.

तुमची,
बाय