चढावर दम टाकणाऱ्या गाडीविषयी मित्रास पत्र

सोलापूर,
दि. 12 एप्रिल 2025

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शेतावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी तू घेतलेली जुनी गोल्फ कार्ट सपाटीवर बरी चालते, पण फाटकापासून घरापर्यंतच्या चढावर चार माणसे बसली की दम टाकते, म्हणून जास्त ॲम्पिअरचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटारीला किती प्रवाह जावा हे ठरवणारी पेटी) बसवावा का, असे तू विचारले आहेस. जरूर बसव, पण बाकीची कामे उरकल्यावर. गाडीत आज आहे तीच शक्ती चाकापर्यंत पोहोचत नसेल, तर मोठा कंट्रोलर घालून वायरी आणि मोटार तापण्यापलीकडे काही साधणार नाही.

आधी हिशेब पाहू. गाडी आणि चार माणसे मिळून वजन साधारण 730 किलो धरले आणि चढ दहा मीटरला एक मीटर मानला, तर ताशी 12 किलोमीटर वेगाने वर जायला बॅटरीतून सुमारे 4 किलोवॅट, म्हणजे 48 व्होल्टच्या गाडीत जवळजवळ 85 ॲम्पिअर लागतात. चढावर थांबून पुन्हा निघताना हाच आकडा सहज 200 च्या पुढे जातो. तुझ्या गाडीचा मूळ कंट्रोलर बहुधा 300 ॲम्पिअरच्या आसपासचा असेल. म्हणजे कागदोपत्री तो पुरेसा आहे, आणि तरीही गाडी चढत नाही. तेव्हा दोष अन्यत्र शोधायला हवा.

पहिला संशय बॅटऱ्यांवर घे. आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तास तशाच ठेव आणि मग व्होल्टमीटर लाव. एकूण 51 व्होल्टच्या जवळपास भरले पाहिजेत. पण उभ्या गाडीत मोजलेला आकडा फसवा असतो. खरी परीक्षा चढावर होते, म्हणून मीटर एकेका बॅटरीला लावून गाडी वर ने आणि कोणती बॅटरी इतरांपेक्षा जास्त खाली बसते ते पाहा. सहांपैकी एक जरी कमकुवत असली तरी साखळीतला सगळा प्रवाह तिच्यातूनच जातो, त्यामुळे बाकीच्या पाच चांगल्या असून उपयोग होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. लेड ॲसिड बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे, आणि सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वरचाच पारा. डिस्टिल्ड वॉटरची पातळी या दिवसांत दर आठवड्याला पाहिलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट केबल आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची जोडकडी. अक्कलकोट रोडला माझ्याकडे प्रामुख्याने यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्तीला येतात, पण गेल्या वर्षी एका मंगल कार्यालयातील अशीच एक गाडी आली होती. वृद्ध पाहुण्यांना फाटकापासून मांडवापर्यंत नेण्याचे तिचे काम, आणि तक्रार अगदी तुझ्याच गाडीची. सीट उचलली तर दोन बॅटऱ्यांमधल्या एका केबलचे आवरण लगजवळ कडक होऊन काळपट पडले होते. ते मागे सारताच आतल्या तारांवर हिरवट क्षार चढलेला दिसला आणि चिमटीत धरल्यावर त्यातल्या काही तारांचा चुरा झाला. जोड बाहेरून घट्ट होता, म्हणून कोणाचे तिकडे लक्ष गेले नव्हते. शिवाय मूळ केबल बारीक होती. चार मीटर लांबीच्या 16 चौरस मिलिमीटर केबलमध्ये 200 ॲम्पिअरला सुमारे 0.86 व्होल्ट हरवतात, 35 च्या केबलमध्ये 0.4, आणि असा प्रत्येक खराब जोड त्यात आपली भर घालतो. आम्ही सर्व केबली 35 च्या घातल्या, लग दाबयंत्राने बसवले, आणि मूळच्याच कंट्रोलरवर ती गाडी माणसे घेऊन चढू लागली. तेव्हा झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

बॅटऱ्या बदलायचीच वेळ आली, तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. तुझ्या सहा बॅटऱ्यांचे वजन 170 किलोच्या आसपास असेल, त्यांच्या जागी येणारा 100 ॲम्पिअर-तासांचा संच 50 किलोच्या आत-बाहेर असतो. म्हणजे दीड माणसाचा भार चढावर न्यायचा वाचला. शिवाय भार पडला तरी त्याचा व्होल्टेज फारसा खाली येत नाही. मात्र संच घेताना त्यातील बीएमएस (संचावर देखरेख करणारी आणि गरज पडल्यास वीज तोडणारी यंत्रणा) सतत किती ॲम्पिअर देऊ शकते, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नकोस. ती 100 ॲम्पिअरची निघाली, तर कंट्रोलर जास्त मागताच ती वीज तोडेल आणि गाडी भरल्या माणसांनिशी चढाच्या मध्यावर बंद पडेल. जुना चार्जरही चालणार नाही. सोळा सेलच्या संचाला 58.4 व्होल्टवर थांबणारा, त्याच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो. दिवे आणि हॉर्न यांच्यासाठी 48 चे 12 व्होल्ट करणारा वेगळा कन्व्हर्टर बसवून घे.

एवढे झाल्यावर कंट्रोलर. त्याआधी मोटारीच्या टर्मिनलकडे पाहा: चारही जाड असतील तर ती सिरीज मोटार, आणि दोन जाड व एफ-1, एफ-2 अशी दोन बारीक असतील तर फील्ड (चुंबकीय क्षेत्र तयार करणारे वेटोळे) वेगळे असलेली. एकीचा कंट्रोलर दुसरीला चालत नाही. मोटारीची ओढ प्रवाहावर आणि वेग व्होल्टेजवर अवलंबून असतो; तुला ओढ हवी आहे, म्हणून 400 ॲम्पिअरचा कंट्रोलर पुरे. त्याच्या जोडीला तेवढ्या क्षमतेचा सोलेनॉइड (मुख्य वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि फ्यूज हवाच, आणि ब्रश झिजले असतील तर तेही बदल, कारण प्रवाह दीडपट झाला की मोटारीच्या तांब्यातली उष्णता सव्वादोन पट होते. मोठी चाके घालण्याचा मोह मात्र टाळ. त्यांनी वेग वाढतो, पण ओढ घटते.

फील्ड वेगळे असलेली मोटार असेल, तर उतारावर ती थोडी वीज बॅटरीत परत भरते आणि गाडी आवरतेही. तुझा चार्जर मात्र वर घराजवळ आहे, म्हणजे सकाळी बॅटरी काठोकाठ भरलेली असतानाच गाडी उतरणार. लिथियमच्या संचात तेव्हा वीज घ्यायला जागाच नसते आणि ऐन उतारावर मोटारीचे गाडी आवरणे बंद पडू शकते, म्हणून चार्जिंग 90 टक्क्यांवर थांबव. ब्रेकबाबत तर मी तडजोड मानणार नाही. यातील बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. ताशी 20 चा वेग 30 केलास तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि तुझ्या गाडीत लोकांचे आईवडील आणि लहान मुले बसणार आहेत. वेगाची मर्यादा कंट्रोलरमध्येच 20 वर बांधून टाक.

मोटारीवरील पट्टीचा, टर्मिनलचा आणि बॅटऱ्यांच्या जोडणीचा स्पष्ट फोटो पाठव, म्हणजे केबलची लांबी आणि कंट्रोलर मी इथून नक्की करून देतो. लग दाबायचे यंत्र घेऊन मी स्वतः बार्शीला येईन. ते काम कोणाकडून हातोडीने करून घेऊ नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत

ता. क. चढावरून आल्या आल्या, गाडी बंद करून, प्रत्येक लगला हात लावून पाहा आणि जो इतरांपेक्षा जास्त गरम लागेल त्याला खडूने खूण करून ठेव.