दिवेलागणीचा स्टँड-टू

टेक्सास,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रात्रपाळी संपवून घरी आले की रोज एकदा वाचते आणि परत पाकिटात घालून ठेवते. फोनवर हे बोलता येत नाही म्हणून कागदावर लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या आबांना ऐकू कमी येत असलं तरी आपल्याविषयीच चाललंय एवढं त्यांना बरोबर कळत असणार. पाच पानांतली साडेचार त्यांच्यावर आणि त्यांच्या स्मृतिभ्रंशावरच आहेत आणि शेवटी दोन ओळी तुझ्या: 'दोन वर्षांत मी सलग चार तास झोपलेली नाही. आबांना कुठे ठेवायचा विचार केला तर मला पाप लागेल का गं?'

नाही लागणार. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढची पानं वाचायला तुला सवड कधी मिळेल कुणास ठाऊक.

मी इथं नक्की काय करते ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. 'हॉस्पिटलात आहे' एवढंच सांगत आले. हे हॉस्पिटल नाही. माजी सैनिकांचं घर आहे, राज्य सरकारचं. एकदा आलेला माणूस बहुधा इथंच शेवटपर्यंत राहतो. टेक्सासातल्या अशा घरांना शूर सैनिकांची नावं दिलेली आहेत. आमच्याकडे सैनिकांच्या बायकाही राहतात, आणि युद्धात मूल गमावलेल्या आईबापांनाही जागा मिळते. प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी भिंतीत काचेची एक छोटी पेटी आहे. तिच्यात त्या माणसाचा गणवेशातला फोटो, पदकं, लग्नातला फोटो, एखाद्याचा बेसबॉलचा चेंडू. आपली खोली कुठली हे ज्याला आठवत नाही तो पेटीतला स्वतःचा विशीतला चेहरा बघून थांबतो आणि आत वळतो. मला ती पेटी फार आवडते. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी तीच आधी वाचते.

सुरुवातीला मला एवढीही अक्कल नव्हती. पहिल्याच महिन्यात पहाटे चारला एका आजोबांचा रक्तदाब बघायचा होता. गाढ झोपेत होते. आपण घरी उठवतो तसं मी खांद्याला हात लावला. त्यांची मूठ माझ्या जबड्यावर बसली. जागे झाले तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले होते, लहान मुलासारखे रडले. व्हिएतनाममध्ये तेरा महिने होते. इथल्या जुन्या नर्सनं मग मला शिकवलं की सैनिकाला झोपेतून उठवायचं असेल तर पायांकडे उभं राहायचं, हाताच्या टप्प्याच्या बाहेर. आधी नाव घ्यायचं, आपण कोण ते सांगायचं आणि मग वाट बघायची. तू लिहिलं आहेस की आबांनी पहाटे तुझ्या हाताला हिसडा दिला आणि मनगट सुजलं. सुनंदा, त्यांनी तुला मारलं नाही. त्या क्षणी तू त्यांची मुलगी नव्हतीस.

आणि ती संध्याकाळची गोष्ट. दिवेलागण झाली की खिडक्या लावत सुटतात, दिवा विझवा म्हणून ओरडतात, फाटकाशी जाऊन उभे राहतात, आत यायला तयार नसतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ही वेळच वाईट असते. इंग्रजीत तिला 'सनडाउनिंग' म्हणतात आणि आमच्या वॉर्डात त्या वेळेला दोन माणसं जास्त लावतात. पण आबांचं वाचताना मला वेगळंच काहीतरी आठवलं. आघाडीवर पहाटे आणि सांजेला, उजेड बदलायच्या वेळी, सगळी पलटण हत्यार घेऊन मोर्चावर उभी राहते. त्याला स्टँड-टू म्हणतात, कारण हल्ला बहुतेक त्याच वेळी येतो. आबांनी अठ्ठावीस वर्षं ते केलं आहे. आता बाकीचं पुसलं जातंय आणि ते तेवढं उरलंय.

म्हणून त्यांना अडवू नकोस. त्यांच्या हातात टॉर्च दे. बरोबर एक फेरी मार. पुढचं दार, मागचं दार, गोठ्याची कडी, सगळं त्यांनाच तपासू दे. फेरी संपली की तुझ्या पोराला सावधान उभं करून म्हणायला लाव, 'सब ठीक है, साहब. स्टँड डाउन,' म्हणजे आता मोर्चा सोडायला हरकत नाही. आमच्याकडे एक तोफखान्यातले सार्जंट होते, त्यांच्यावर आम्ही रोज हेच करायचो. रोज जमायचं असं नाही. दहांतल्या सहा संध्याकाळी जमायचं. पण सहा संध्याकाळी झोपेची गोळी वाचणं ही लहान गोष्ट नाही, कारण त्या गोळीनंतर हीच माणसं बाथरूमच्या वाटेवर पडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात.

आणखी दोन गोष्टी. पहिली, कान. आयुष्यभर गोळीबार आणि तोफांच्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान गेलेले असतातच. ज्याला ऐकू येत नाही तो भलतंच उत्तर देतो, आणि आपण म्हणतो डोकं गेलं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिच्यातून श्रवणयंत्र मिळतं. पॉलिक्लिनिकात जाऊन आधी कान तपासून घे. दुसरी, एखाद्या दिवशी ते एकाएकी फारच बडबडायला लागले, ओळखेनासे झाले, तर 'आजार वाढला' म्हणून बसून राहू नकोस. लघवी तपास. म्हाताऱ्या माणसाला लघवीत जंतुसंसर्ग झाला की ताप येण्याआधी भ्रम होऊ शकतो. गेल्या दिवाळीत ते तीन दिवस 'नदी ओलांडायची आहे' म्हणत होते असं लिहिलंस, ते मला तसलंच वाटतंय.

तू विचारलंस, अमेरिकेत सरकार सगळं करतं ना? निम्मं खरं आहे. यादवी युद्ध संपत आलं असताना, मार्च १८६५मध्ये, लिंकननं अपंग झालेल्या स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृह काढायच्या कायद्यावर सही केली. पहिलं घर पुढच्या वर्षी मेन राज्यात टोगस इथं उघडलं, आणि त्या जागेवर आजही माजी सैनिकांवर उपचार होतात. म्हणजे लढून आलेल्या माणसाची म्हातारपणची कूस कोणी बदलायची, हा प्रश्न या देशानं दीडशे वर्षांपूर्वी सरकारचा मानला. आज केंद्राची स्वतःची शुश्रूषागृहं आहेत आणि आमच्यासारखी राज्यांची दीडशेहून अधिक. पण आत शिरताना कागद बघतात. नोकरीमुळे आलेलं अपंगत्व ७० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं असेल, तर १९९९च्या कायद्यानं त्या माणसाची शुश्रूषा सरकारला करावीच लागते. त्याच्या खाली असलेल्यांचा खर्च सरकार थोडा उचलतं, बाकीचा घरच्यांनी. एकाच खोलीत शेजारी शेजारी दोन पलंग असतात. एकाला व्हिएतनाममध्ये जंगलावर फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी रसायनामुळे पार्किन्सन झाला असं सरकार मानतं, म्हणून त्याच्या घरी बिल जात नाही. दुसऱ्यानं तेवढीच वर्षं जहाजावर स्वयंपाक केला, आता त्याला बायकोचं नाव आठवत नाही, पण त्याचा आजार नोकरीतला नव्हे. त्याची बायको दर महिन्याला येते ती आधी ऑफिसात जाते, मग त्याच्याकडे. मला ते बघवत नाही.

आणि माणसं कमी पडली की कायदा काही करू शकत नाही. मॅसेच्युसेट्समध्ये होलिओक म्हणून गाव आहे, तिथल्या सैनिकांच्या घरात मार्च २०२०मध्ये कर्मचारी पुरेनात म्हणून स्मृतिभ्रंशाचे दोन वॉर्ड एकत्र केले. करोनाची साथ ऐन भरात होती. त्या घरात किमान ७६ माजी सैनिक दगावले. दुसऱ्या महायुद्धातून जिवंत परत आलेली माणसं होती त्यांत. त्या दिवसांत आम्ही पाळीवर जाताना एकमेकींकडे बघत नव्हतो.

अलीकडे एक चांगलं झालं. म्हाताऱ्या सैनिकाला त्याच्या घरीच सांभाळायचं असेल तर सरकारला त्यावर शुश्रूषागृहाच्या खर्चाच्या ६५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता यायचा. जानेवारी २०२५मध्ये कायदा होऊन ती मर्यादा १०० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे इथल्या लोकांनाही शेवटी कळलं की बहुतेकांना घरीच राहायचं असतं, फक्त घरच्यांना मदतीला माणूस हवं असतं. तुला नेमकं तेच हवं आहे.

आपल्याकडे काय आहे, याचा विचार करताना मला खडकी आठवली. दहावीच्या सुट्टीत आबा आपल्या दोघींना घेऊन गेले होते, आठवतं? त्यांच्या पलटणीतले ते काका, कमरेखाली सगळं बधिर झालेले. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी १९७४ साली सुरू झालेलं केंद्र. एसटीत येताना आबांनी पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली होती. ६५च्या लढाईत गोळ्या लागल्या, त्यातली एक कण्याजवळ, आणि ७२ साली हायडलबर्गला जाऊन पोहण्यात सुवर्णपदक. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. मी मात्र त्या काकांच्या टाचा बघून आले होते. एवढी वर्षं अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत काढलेला माणूस, आणि टाचा स्वच्छ, एक जखम नाही. कोणीतरी रोज त्या पुसत होतं. नर्सिंगला जायचं मी तिथंच ठरवलं. हे कोणालाच सांगितलेलं नाही, आज तुलाच सांगते आहे.

पण खडकीचं केंद्र कण्याच्या दुखापतीसाठी आहे, आबांसारख्यांसाठी नाही. २००३पासून ईसीएचएस आलं, त्यात दवाखाना, ऑपरेशन, औषधं होतात. रात्री दोनला कूस बदलायला माणूस त्यात मिळत नाही. तिथल्या हॉस्पिटलनं आबांना 'आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या' म्हणून डिस्चार्ज दिला. करण्यासारखं तर तिथूनच सुरू होतं. ज्या भागात प्रथम महायुद्धात साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावानं ४६ माणसं गमावली, घराघरातून पलटणीत पोरं गेली, त्या आपल्या भागात म्हाताऱ्या फौजीसाठी वर्षानुवर्षं सांभाळणारा वॉर्ड असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आबा स्वतः कधी मागणार नाहीत. त्यांना तक्रार न करायचंच शिक्षण मिळालंय. इथलेही तसेच. वेदना किती आहे विचारलं की हाड मोडलेला माणूस 'ठीक आहे' म्हणतो. म्हणून मी चेहरा बघते, मूठ बघते, ताट किती उष्टं राहिलं ते बघते. मागायचं काम तुझं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, लेखी अर्ज दे, पोच घे. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आबांची जन्मतारीख बरोबर आहे का तेही बघ. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, आणि तारीख चुकली असेल तर ती दुरुस्त करायला वर्ष जातं. त्या वाढीत रात्रीच्या बाईचा पगार भागणार नाही, हातभार लागेल.

दादाला सांग की मी सांगितलंय: आठवड्यातल्या तीन रात्री त्यानं घ्याव्यात, किंवा तीन रात्रींच्या माणसाचे पैसे द्यावेत. 'लोक काय म्हणतील' हे त्यानं रात्री दोनला येऊन म्हणावं.

आणि साताऱ्यात किंवा पुण्यात एखादी जागा बघायला गेलीस तर सकाळी अकराला जाऊ नकोस, तेव्हा सगळं झाडून पुसून ठेवलेलं असतं. रात्री आठनंतर जा. रात्री किती माणसांमागे किती मावश्या असतात ते विचार. पडलेल्या माणसाला उठवायला दोघं लागतात, तिथं एकच असेल तर उठून ये. एखाद्या आजोबांच्या पायावरची चादर जरा वर कर आणि टाचा बघ. टाचा कधी खोटं बोलत नाहीत.

जिथे ठेवशील, किंवा घरी बाई ठेवशील, तिच्या हातात एक कागद दे. एकाच पानाचा, मोठ्या अक्षरात. ते सुभेदार आहेत, 'ए बाबा' म्हणायचं नाही, 'राम राम, साहेब' म्हणायचं. पायांकडून उठवायचं. डाव्या कानाशी बोलायचं. चहा पितळी पेल्यातला लागतो. दाढी रोज, रविवारी सुद्धा. दाढी राहिली की ते दिवसभर का चिडतात ते तिला कळणार नाही, तुला कळतं. सांजेला टॉर्च. आणि जमालपूर. हे नक्की लिही. डिसेंबर ७१, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, जंगी पलटण म्हणजे मराठ्यांची पहिली पलटण, शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं चिठ्ठी पाठवली तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ही गोष्ट त्यांनी आपल्याला शंभरदा सांगितली. ते अडले की तिनं पुढचं वाक्य सांगायचं, 'मग कागद उघडला, साहेब, तर आत काय?' उरलेलं ते सांगतील. निदान अजून काही दिवस तरी.

आमच्याकडे कोणी गेलं की अंगावर राष्ट्रध्वज घालून पुढच्या दारानं नेतात. कितीही वाजले असोत, पाळीवरचे सगळे, स्वयंपाकघरातलेसुद्धा, दोन्ही बाजूंना उभे राहतात. गेल्या आठवड्यात ते तोफखान्यातले सार्जंट गेले, पहाटे. मी दाराजवळ उभी होते. बाहेर उजाडत होतं, स्टँड-टूची वेळ. मी आबांच्या फौजी हिंदीत हळूच म्हटलं, 'सब ठीक है, साहब.'

मे महिन्यात मला तीन आठवड्यांची सुट्टी आहे. तिकीट काढलंय. त्यातल्या पहिल्या आठ रात्री आबा माझे. तू माझ्या आईकडे जा, माडीवर झोप, फोन घरीच ठेव. मी कोण हे त्यांना कळलं नाही तरी चालेल, पायांकडे उभी राहून सांगेन.

तोवर माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढून ठेव. पदकांना ब्रासो लावू नकोस, तशीच राहू देत. आणि त्यांचा भरतीच्या वेळचा तो फोटो, कोपरा दुमडलेला, सापडला तर बघ. मी येताना काचेची पेटी घेऊन येते.

तुझीच,
शालू