आईचा फोटो न विचारता नेल्याबद्दल

धरमपेठ, नागपूर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी प्रदर्शनाविषयी सर्व काही सांगितले, पण एक गोष्ट मुद्दाम गाळली. ती तोंडाने सांगण्याचा धीर होईना, म्हणून हे पत्र. दिवाळीत वर्ध्याला आले होते तेव्हा लोखंडी पेटीतला आईचा १९७९ सालच्या जिल्हा स्पर्धेतला फोटो मी न विचारता घेऊन आले. त्यावरून रंगवलेले मोठे चित्र सिव्हिल लाइन्समधल्या कलादालनात दारासमोरच लागणार आहे, आणि निमंत्रणपत्रिकाही छापून झाल्या आहेत.

विचारले असते तर "माझे काय मेलीचे रंगवायचे" असे आई म्हणाली असती. (खरे तर म्हणूनच विचारले नाही.) स्त्रियांचे धावणे हा विषय ठरल्यावर मी आधी दूरदेशच्या बायकाच रंगवल्या: १९६७ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २६१ क्रमांक लावून धावणारी कॅथरिन स्वित्झर आणि तिला रस्त्यातच अडवून तो क्रमांक ओरबाडू पाहणारा अधिकारी, १९२८ च्या ऑलिंपिकमधली ८०० मीटरची शर्यत, जिच्यानंतर बायकांना एवढे अंतर झेपत नाही असे ठरवून ती १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. चित्रे वाईट नव्हती, पण परकी वाटत होती. मग आठवले की दोन वेण्या वर बांधून आई अनवाणी जिंकली, ती शर्यतही ८०० मीटरचीच.

बाबा, चित्राखालच्या पट्टीवर "लग्नानंतर धावणे सुटले" असे आधी लिहिले होते, ते मी खोडले आहे. आजीच्या त्या वर्षांविषयीही कोठे अक्षर नाही. मला तर तुमची सायकलच आठवते, मनगटावरचे घड्याळ पाहत तुम्ही "आणखी एक फेरी" म्हणायचात, आणि परतताना १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने कसे हुकले ते दरवेळी नव्याने सांगायचात. त्याच १९८४ च्या ऑगस्टमध्ये, मी आईच्या मांडीवर असताना, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. त्याआधीच्या ऑलिंपिकपर्यंत त्यांची सर्वांत लांब शर्यत १५०० मीटरचीच होती. तेव्हा आईच्या धावण्याला घरानेच कुंपण घातले असे म्हणता येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते.

तुम्ही दोघे उद्घाटनाला यावे. कलादालनाला चारच पायऱ्या आहेत आणि बाजूला कठडा आहे. बाबांसाठी हातांची खुर्ची चित्राजवळच ठेवायला सांगितली आहे, चहा बिनसाखरेचा मिळेल, आणि माझ्या खोलीत आईचे जुने गोधडीचे अंथरूण आहेच, ज्याखेरीज मला अजूनही थंडीत झोप लागत नाही. स्टेशनवर मी स्वतः येईन. बसने अजिबात येऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, आणि आईने कानटोपी घालावी, कोण काय म्हणेल ते म्हणो.

चित्र पाहून आईला नको वाटले, तर त्याच संध्याकाळी मी ते उतरवीन.

त्या शर्यतीत मिळालेला, बाबांनी तीस वर्षे कचेरीत नेलेला स्टीलचा डबा सोबत आणावा. तो चित्रासमोर मांडायचा आहे, तेव्हा रिकामाच आणावा. चिवडा वेगळ्या पिशवीत.

तुमची,
बेबी