मिठाचं कौतुक पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातली 'मिठावर चालणारी बॅटरी' ही सोडियम-आयन बॅटरीवरची बातमी वाचली. सोबत मिठागराचं छायाचित्रही होतं. मिठातला सोडियम स्वस्त आहे, हे कबूल. पण या बॅटरीचं घोडं मिठापाशी अडलेलं नाही, बॅटरीच्या दोन टोकांपैकी एका, म्हणजे कॅथोडपाशी अडलंय. (वर्गात मी कॅथोडला जन्मभर ऋणाग्र म्हणत आलो, बॅटरी वीज देत असते तेव्हा मात्र तेच तिचं अधिक टोक असतं. जुन्या विद्यार्थ्यांनी गोंधळू नये.)

मोबाइलच्या बॅटरीत लिथियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ये-जा करतो. त्याची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तर सोडियमच्या आयनाची १.०२. कॅथोडमधल्या निकेल-मँगनीज ऑक्साइडच्या थरांमध्ये हा थोराड पाहुणा ये-जा करतो. चार्जिंग पूर्ण होत आलं, सोडियम बाहेर पडला, की थर जागचे सरकतात, कण आक्रसतात आणि त्यांना तडे जातात. असं वारंवार झालं की बॅटरी लवकर म्हातारी होते. त्यातल्या थोड्या निकेल-मँगनीजच्या जागी मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम घातलं तर हे सरकणं बरंच आवरतं. बदल्यात कधी थोडी क्षमता सोडावी लागते. दुसरी डोकेदुखी दमट हवेची. यातल्या बऱ्याच ऑक्साइडांची पूड उघडी राहिली तर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, कणांवर सोडा साचतो आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लावायचा लेप आधीच थिजतो. आपल्या पावसाळ्यात कारखाना चालवायचा तर कोरड्या खोल्यांचा खर्च आधी धरायला हवा.

कॅथोडचे दुसरे पर्यायही आहेत. व्हॅनेडियम फॉस्फेटचा कॅथोड टिकाऊ, पण व्हॅनेडियम महाग. प्रशियन ब्लू, म्हणजे रंगाच्या डबीतला तो गडद निळा, लोखंडाचा आणि स्वस्त. त्याच्या स्फटिकात अडकलेलं पाणी काढताना मात्र नाकी नऊ येतात. म्हणून मला मँगनीज आणि लोखंडावरचे थरांचे ऑक्साइड सुधारणं हाच आपल्या सोयीचा रस्ता वाटतो. यात माझा थोडा स्वार्थ आहे, मी तुमसरचा.

आमच्या तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला मँगनीज डायऑक्साइड कित्येक वर्षं टॉर्चच्या सेलसाठी जातोय. ही खाण 'मॉईल' या सरकारी कंपनीचीच आहे. पण सेलला चालणारा माल कॅथोडला चालत नाही. त्यासाठी फार शुद्ध मँगनीज सल्फेट लागतं. डिसेंबर २०२३मध्ये पुण्यात केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या साथीने सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं तेव्हा टाळ्या भरपूर पडल्या. आमचं खनिज त्या प्रतीला नेणारा शुद्धीकरणाचा कारखाना भंडारा जिल्ह्यात उभारायचा, तर सरकार त्यात काय देणार, हे कोणीतरी विचारावं.

पुढच्या बातमीच्या वेळी छायाचित्रकाराला मिठागरात न पाठवता डोंगरीला पाठवा. वाटेत तुमसरला चहा माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
तुमसर, जि. भंडारा