नेम बुक्स आणि पुसलेली स्पेलिंग्ज

इन्व्हरनेस

प्रिय मन्या,

तब्येत ठीक, पाठ कुरकुरते. इतके महिने गप्प राहिल्याबद्दल शिव्या भेटीत घाल.

हे तुलाच कळेल. आमच्या ओढ्यांच्या गेलिक (इथली, स्कॉटलंडची जुनी भाषा) नावांच्या यादीत कुणीतरी 'शुद्धीकरण' केलंय. जुनी स्पेलिंग्ज पुसून सगळीकडे आजचं प्रमाण रूप! तुझाच जुना हट्ट, "एक नाव, एक स्पेलिंग". त्यावरून अक्कासमोर झालेलं भांडण विसरलो नाहीये मी.

ओढ्याला गेलिकमध्ये 'आउल्त' म्हणतात, लिहायचं ए-एल-एल-टी. इंग्रजी कानांनी त्याचं ए-यू-एल-टी केलं. गावांच्या नावांतही तो आहे: ऑल्टबे म्हणजे बर्च झाडांचा ओढा. टेनुइल्ट म्हणजे ओढ्याचं घर. तिथे षष्ठीमुळे 'उइल्त' झालंय, म्हणून नुसतं 'आउल्त' शोधणाऱ्याला ते सापडतच नाही. लिंगही सांभाळावं लागतं: 'मोठा' म्हणायचं तर ओढा पुल्लिंगी म्हणून 'मोर', नदी स्त्रीलिंगी म्हणून 'व्होर'. आपण विशेषणाचं शेपूट बदलतो, हे लोक डोकं!

ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं. त्यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या नेम बुक्समध्ये, म्हणजे नावांच्या नोंदवह्यांत, पर्यायी स्पेलिंग आणि ते सांगणारा कोण, यांचे वेगळे रकाने आहेत. वजन बहुधा जमीनदार नि पाद्र्याच्या शब्दाला, मेंढपाळाच्या नाही. म्हणून सांगणाऱ्याचं नाव गेलं की स्पेलिंगची किंमत ठरवता येत नाही.

म्हणूनच मूळ रूप अक्षरश: उतरवायचं, साल आणि साधनासकट. स्वरावरची खूण नसेल तर नसू दे. गेलिकच्या 1981च्या लेखननियमांनी एकाच दिशेची खूण ठेवली. उलटी दिसली तर नोंद जुन्या वळणाची असण्याचा संभव, आणि ती 'सुधारली' की तो धागाच तुटतो. प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात. अर्थापुढे 'खात्री' की 'अंदाज' ते लिहायचंच. उच्चार वाक्यात बोलवून ध्वनिमुद्रित करायचा. नकाशा पुढे ठेवलास तर माणूस नकाशाच वाचतो. आणि जागा सांगताना एक बिंदू पुरत नाही. उगम, संगम दोन्हींचे ग्रिड क्रमांक हवेत, कारण अर्ध्या वाटेत ओढ्याचं नावच बदलतं कधीकधी.

यादीची शुद्धीकरणाआधीची जुनी प्रत आहे. पण तिच्यानंतर चांगल्या दुरुस्त्याही झाल्यात, त्यामुळे ती सरळ आताच्या यादीच्या जागी ठेवता येत नाही. ओळीओळीनं फरक काढणारं तुझं ते काहीतरी होतं ना, ते पाठव. आणि "मी सांगत होतो" म्हणू नकोस; तू उलटंच सांगत होतास.

बाबांच्या डोळ्याचं झालं का? नव्या घराचा ताबा? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या