टक्के छापा, पण छेदासह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानाची मी अनेक वर्षांची वाचक आहे. नोकरीची सारी वर्षे संख्याशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे असेल, पण त्या पानावरची बातमी वाचताना माझे लक्ष आधी आकड्याकडे जाते आणि मग मजकुराकडे. ‘धोका दुप्पट’, ‘शक्यता चाळीस टक्क्यांनी घटते’ अशा धाटणीचे मथळे आता इतके सरावाचे झाले आहेत, की ‘कशाच्या दुप्पट’ आणि ‘कितीचे चाळीस टक्के’ हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. शाळेत अपूर्णांक शिकवताना छेदाशिवाय अंशाला अर्थ नसतो हे आपण मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. बातमीत मात्र अंश ठळक टाइपात येतो आणि छेद मूळ शोधनिबंधातच राहून जातो. माझी तक्रार या एकाच गोष्टीबद्दल आहे.

ही निव्वळ मास्तरकी नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून ब्रिटनमधली एक घटना सांगते. ऑक्टोबर १९९५मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना तातडीचा इशारा दिला, की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजेच शंभर टक्क्यांनी वाढतो. इशारा खोटा नव्हता. ज्या अभ्यासांवर तो आधारलेला होता, त्यांच्यानुसार आधीच्या पिढीची गोळी घेणाऱ्या दर ७,००० स्त्रियांमागे साधारण एकीला असा त्रास होत असे आणि नव्या गोळीमुळे तो दोघींना होत होता. एकाचे दोन झाले, म्हणजे शंभर टक्के वाढ झालीच. पण ७,००० हा आकडा वगळला, की उरलेल्या ६,९९८ स्त्रियाही वाचकाच्या नजरेआड होतात. घाबरलेल्या अनेकींनी गोळ्या सोडून दिल्या. पुढच्या वर्षी एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात अधिक झाले असे नंतर मांडले गेले. यातली क्रूर बाब अशी, की गुठळीचा धोका या गोळीपेक्षा गर्भारपणातच जास्त असतो. ज्या भयापोटी गोळी सोडली, त्याच्याच अधिक जवळ या स्त्रिया गेल्या.

हेच गणित उलट दिशेनेही चालते, आणि तिथे भीतीऐवजी आशा विकली जाते. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत काही वर्षांपूर्वी लिपिटॉर या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची जाहिरात येत असे. हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होतो, असे तीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. त्या आकड्यापुढे एक फुली होती, आणि फुलीचा खुलासा तळाशी बारीक टाइपात होता: एका मोठ्या चाचणीत साखरेची (म्हणजे औषध नसलेली, नुसती दिखाऊ) गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के रुग्णांना झटका आला, औषध घेणाऱ्यांपैकी २ टक्के रुग्णांना. म्हणजे शंभर जणांनी तीनेक वर्षे औषध घेतले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाचा झटका टळला. औषध निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्याला आधीच एकदा झटका येऊन गेला आहे, त्याचा मूळ धोका मोठा असतो, आणि तेवढीच टक्केवारी त्याच्या बाबतीत पुष्कळ अधिक फायदा दाखवते. म्हणूनच ‘३६ टक्के’ हा एकच आकडा सर्वांना सारखा लागू करता येत नाही. एक डाव तर याहून चतुर आहे: फायदा टक्केवारीतल्या घटीने सांगायचा आणि दुष्परिणाम ‘हजारांत अमुक’ असा. मग फायदा पर्वताएवढा दिसतो आणि अपाय मोहरीएवढा. हे तपासायला संख्याशास्त्र लागत नाही, दोन्ही आकडे एकाच मापाने मोजले आहेत का, एवढेच पाहावे लागते.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, तेव्हाही असेच झाले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा सगळीकडे छापला गेला आणि त्याच्या जोडीला ‘तंबाखूच्याच पंक्तीत’ हे शब्द आले. वास्तविक ते गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतात, धोका किती मोठा आहे हे नव्हे. ब्रिटनमधल्या आकडेवारीनुसार असे मांस सर्वांत कमी खाणाऱ्या हजार जणांपैकी सुमारे ५६ जणांना आयुष्यात केव्हा तरी हा कर्करोग होतो आणि सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांपैकी सुमारे ६६ जणांना. हजारात दहांचा हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवता येण्यासाठी हे दोन आकडे त्याच्या हाती पडायला हवेत.

तपासण्यांच्या बाबतीत घोळ अधिक खोल आहे, आणि त्यात भल्याभल्यांची फसगत होते. जर्मन संशोधक गेर्ड गिगेरेंझर यांनी एका प्रशिक्षणवर्गात १६० स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे पुढील प्रश्न ठेवला. एखाद्या भागात स्तनांचा कर्करोग असण्याचे प्रमाण १ टक्का आहे. कर्करोग असेल तर मॅमोग्राफी ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. आणि नसेल तरीही ९ टक्के वेळा ती चुकून पॉझिटिव्ह येते. तर ज्या बाईचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तिला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? बहुसंख्य डॉक्टरांचे उत्तर ८० ते ९० टक्क्यांच्या घरात होते. बरोबर उत्तर जेमतेम एकवीस टक्के डॉक्टरांनी दिले.

आता टक्के बाजूला ठेवून माणसे मोजू. हजार बायकांपैकी १० जणींना कर्करोग आहे आणि त्यातल्या ९ जणींची चाचणी पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९० जणींना कर्करोग नाही, पण त्यांपैकी ९ टक्क्यांची, म्हणजे ८९ जणींची चाचणीही पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यांत खरोखरच्या रुग्ण ९, म्हणजे दहांत एखादी. पाचवी-सहावीतल्या मुलाला वहीत मांडता यावे असे हे गणित आहे, आणि अशी मांडणी शिकवल्यावर त्याच डॉक्टरांपैकी ८७ टक्क्यांना ते अचूक आले. त्यांची बुद्धी रातोरात वाढली नव्हती; छेद डोळ्यांसमोर आला होता. ‘चाचणी ९० टक्के अचूक’ असे आपण छापतो तेव्हा त्या नव्वदाचा छेद ‘ज्यांना रोग आहे ते’ हा असतो, आणि हातात अहवाल घेऊन बसलेल्या बाईला हवा असलेला छेद ‘ज्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला ते’ हा असतो.

छेद लपवण्याऐवजी फुगवला तर काय होते, याचा नमुना न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी यांनी २००७मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करताना दिला. प्रोस्टेटच्या कर्करोगातून जगण्याची आपली शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आहे आणि इंग्लंडात ती केवळ ४४ टक्के असती, असे ते म्हणाले. प्रत्यक्षात या रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही देशांत जवळपास सारखेच होते: अमेरिकेत लाखामागे सुमारे २६ पुरुष, ब्रिटनमध्ये सुमारे २७. जुलियानी यांचे टक्के निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे होते. मग त्यांत एवढी तफावत कुठून आली? समजा, एका गृहस्थांना लघवीच्या तक्रारींमुळे ६६व्या वर्षी निदान झाले आणि ६९व्या वर्षी ते वारले. पाच वर्षे जगलेल्यांत त्यांची गणना होणार नाही. त्याच गृहस्थांची ५८व्या वर्षी रक्ततपासणी होऊन निदान झाले असते आणि मृत्यू ६९व्याच वर्षी आला असता, तरी ते ‘वाचलेले’ ठरले असते. आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. वाढला तो रुग्ण म्हणून जगण्याचा काळ. शिवाय सरसकट तपासणीत असेही असंख्य कर्करोग सापडतात, जे त्या माणसाला कधीच त्रास देणार नव्हते, आणि ते सगळे छेदात जाऊन बसल्यामुळे टक्केवारी आणखी देखणी दिसते. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या तपासण्यांचे पेव फुटल्यावर २०११मध्ये या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३च्या पंधरा पटीवर गेले होते. मृत्यूंचे प्रमाण जिथल्या तिथेच राहिले.

आणखी एक छेद कधीच छापला जात नाही. संशोधकांनी किती गोष्टी तपासून पाहिल्या, तेव्हा त्यांतली ही एक ‘लक्षणीय’ ठरली? पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१५मध्ये हे मुद्दाम करून दाखवले. सुमारे पंधरा माणसे, त्यांचे तीन गट, तीन आठवड्यांचा काळ, आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे मिळून अठरा मोजमापे. चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरते असा निष्कर्ष निघाला, तो एका नियतकालिकाने छापला आणि अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी उचलला. माणसे खरी होती आणि मोजमापेही खरी होती. पण प्रत्येक मोजमापात निव्वळ योगायोगाने फरक ‘सिद्ध’ होण्याची शक्यता पाच टक्के धरली आणि मोजमापे एकमेकांवर अवलंबून नाहीत असे मानले, तर अठरांपैकी निदान एक तरी लागण्याची शक्यता साठ टक्के होते. बोहॅनन यांनी स्वतःच ही लबाडी उघड केली, तोवर किती वार्ताहरांनी त्यांना माणसांची संख्या विचारली असेल, याची मला शंकाच आहे.

माझ्या एका डॉक्टर स्नेह्यांचा यावर आक्षेप असा, की छेद छापले तर सगळेच धोके क्षुल्लक वाटतील आणि लोक कशालाच जुमानणार नाहीत. आक्षेप अगदीच निराधार नाही. लाखात एकाने वाढलेला धोका कोट्यवधींच्या देशात शेकडो माणसे घेऊन जातो, आणि धोरण आखणाऱ्याला तोच हिशेब करावा लागतो. पण जो धोका खरोखर मोठा असतो, तो छेदासकट मांडला तरी मोठाच दिसतो. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा जो अभ्यास १९५१ साली सुरू झाला, त्यात ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केला गेला. १९२०च्या दशकात जन्मलेल्यांपैकी सिगारेट न ओढणाऱ्या शंभर जणांमागे १५ जण वयाच्या ३५ ते ६९ वर्षांच्या दरम्यान मृत्यू पावतील आणि ओढणाऱ्या शंभरांमागे ४३, असे प्रमाण त्यातून निघाले. या दोन आकड्यांना ठळक टाइपाची किंवा उद्गारचिन्हाची गरज आहे असे मला वाटत नाही.

सगळा दोष वृत्तपत्रांच्या माथी मारावा असेही नाही. ब्रिटनमधल्या वीस विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अतिशयोक्तीची सुरुवात पुष्कळदा विद्यापीठाच्या दारातच होते असे दिसले. प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयीच्या पत्रकांपैकी ३६ टक्के पत्रकांनी निष्कर्ष फुगवून माणसांना लागू केला होता. पत्रकात तसा फुगारा असेल तर बातम्यांपैकी ८६ टक्क्यांत तो उतरला होता, नसेल तर केवळ १० टक्क्यांत. (हाही सहसंबंधच आहे, कार्यकारणभाव नव्हे, हे मला नमूद केले पाहिजे, नाहीतर माझ्याच पत्रावर कोणी दुसरे पत्र लिहील.) आलेले पत्रक जसेच्या तसे लावण्याची घाई रात्रपाळीच्या उपसंपादकाला का होते, हे मी समजू शकते.

तरीही एक विनंती आहे. आरोग्यविषयक संशोधनाच्या प्रत्येक बातमीखाली तीन ओळींची चौकट असावी: किती जणांपैकी किती जणांना, उपायाविना आणि उपायासह, किती काळात, आणि संशोधकांनी एकूण किती गोष्टी मोजल्या होत्या. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, हे पहिल्याच ओळीत यावे. बातमी एखाद्या वृत्तसंस्थेकडून आलेली असेल आणि तीत हे आकडे नसतील, तर ‘मूळ आकडे बातमीसोबत मिळालेले नाहीत’ एवढेच छापले तरी पुरे. ‘धोका दुप्पट’ऐवजी ‘सात हजारांत एकीऐवजी दोघींना’ हा मथळा एका स्तंभात दोन ओळींत मावतो. मी कागदावर मोजून पाहिले आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका